दंतक्षयाचा सामाजिक इतिहास : सातारा-सांगली परिसरातील ऊस, साखर आणि आरोग्यविषमता

सारांश

दंतक्षय हा जगात सर्वाधिक आढळणारा आजार आहे. तथापि इतिहासाच्या अभ्यासकांनी त्याची फारशी दखल घेतलेली नाही. या आजाराची जैविक प्रक्रिया सर्व मानवसमूहांत एकच असताना त्याचे प्रमाण मात्र समूहानुसार, काळानुसार आणि वर्गानुसार बदलते. हा बदल केवळ जीवशास्त्राच्या आधारे उलगडत नाही. सातारा आणि सांगली या ऊस उत्पादक जिल्ह्यांच्या संदर्भात आहार, सिंचन, साखर उद्योग, श्रम आणि आरोग्यसेवा यांच्या इतिहासातून या आजाराच्या सामाजिक कारणांचा शोध घेण्याचा प्रयत्न प्रस्तुत शोधनिबंधात केला आहे.

बीजसंज्ञा : दंतक्षय, साखर, गूळ, कृष्णाकाठ, सहकार, ऊसतोड कामगार, आरोग्यविषमता.

प्रस्तावना

भारतीय इतिहासलेखनात रोगांना स्थान मिळाले ते प्रामुख्याने साथीच्या रूपाने. १८९६ साली मुंबईत उद्भवून पुढे पुणे, सातारा आदी जिल्ह्यांत पसरलेला प्लेग किंवा १९१८ सालची इन्फ्ल्यूएन्झाची साथ यांविषयी विपुल लेखन झाले आहे. साथीच्या रोगाला आरंभ असतो, शेवट असतो आणि मृतांची संख्या असते. त्यामुळे सरकारी दप्तरात त्याची नोंद होते. दात किडण्याची मात्र तारीख नसते. माणूस त्याने सहसा मरत नाही, दुखणे अंगावर काढतो आणि शेवटी दात काढून टाकतो. परिणामी कोट्यवधी लोकांना छळणारा हा आजार इतिहासाच्या साधनांत जवळजवळ अदृश्य राहिला आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली प्रसिद्ध केलेल्या मुखआरोग्यविषयक अहवालानुसार जगातील सुमारे ३५० कोटी लोक मुखाच्या कोणत्या ना कोणत्या आजाराने ग्रस्त आहेत. त्यांपैकी सुमारे २०० कोटी लोकांच्या कायमच्या दातांत आणि ५१ कोटी ४० लाख बालकांच्या दुधाच्या दातांत कीड आहे. भारतीय दंत परिषदेच्या वतीने २००२-०३ मध्ये झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात १२ वर्षे वयाच्या ५३.८ टक्के मुलांमध्ये आणि ३५ ते ४४ या वयोगटातील ८०.२ टक्के प्रौढांमध्ये दंतक्षय आढळला. एवढ्या व्यापक आजाराचे कारण प्रत्येक व्यक्तीच्या वैयक्तिक हलगर्जीपणात शोधणे कितपत सयुक्तिक आहे, हा प्रस्तुत निबंधामागील मूळ प्रश्न आहे.

संशोधनाची उद्दिष्टे

१) दंतक्षयाची जैविक प्रक्रिया आणि तिचे सामाजिक संदर्भ यांचा परस्परसंबंध स्पष्ट करणे.
२) सातारा-सांगली परिसरातील आहारात गोड पदार्थांचे स्थान कसे बदलत गेले याचा ऐतिहासिक आढावा घेणे.
३) दंतक्षय आणि दंतोपचार यांबाबतच्या वर्गीय व स्त्री-पुरुष विषमतेची मीमांसा करणे.

संशोधन पद्धती

प्रस्तुत अभ्यासासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून तो दुय्यम साधनांवर आधारित आहे. अभ्यासक्षेत्राविषयी एक बाब आरंभीच नोंदविणे आवश्यक आहे. १९४९ पूर्वी आजच्या सांगली जिल्ह्याचा मोठा भाग सातारा जिल्ह्यात आणि सांगली, मिरज, जत, औंध आदी संस्थानांत विभागलेला होता. त्या वर्षी उत्तर सातारा व दक्षिण सातारा असे दोन जिल्हे झाले आणि १९६० साली दक्षिण साताऱ्याला ‘सांगली’ हे नाव मिळाले. म्हणून येथे दोन्ही जिल्ह्यांचा विचार एक सलग ऐतिहासिक प्रदेश म्हणून केला आहे.

१. ‘कीड’ या शब्दामागील कल्पना

मराठीत दात ‘किडतो’, दाताला ‘कीड लागते’. जोंधळ्याला किंवा लाकडाला लागणाऱ्या किडीचाच शब्द दातासाठी वापरला जातो, कारण दाताच्या पोकळीत अळी राहते आणि ती दात पोखरते, अशी समजूत प्राचीन काळापासून होती. सुश्रुतसंहितेत दंतरोगांमध्ये ‘कृमिदन्तक’ या विकाराची गणना आहे. बॅबिलोनियातही दातातील कृमीची कल्पना रूढ होती. रिंगणीच्या बियांची धुरी तोंडात घेऊन ‘कीड पाडण्याचा’ आपल्याकडील घरगुती उपाय याच समजुतीवर आधारलेला आहे. युरोपात फ्रेंच दंतवैद्य पिएर फोशार्द याने १७२८ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात कृमीची कल्पना नाकारली आणि साखरेच्या अतिसेवनाकडे लक्ष वेधले.

या समजुतीला केवळ अंधश्रद्धा म्हणून बाजूला सारता येणार नाही. दात पोखरणारा कोणी सजीव असतो, हा तिचा गाभा पुढे एका वेगळ्या अर्थाने खरा ठरला. मात्र या शब्दाबरोबर आणखी एक धारणा आपल्या मनात रुजली. ती म्हणजे कीड ‘लागते’, ती बाहेरून येते आणि ज्याला लागते त्याचे ते नशीब किंवा त्याचा निष्काळजीपणा. आजाराच्या सामाजिक कारणांकडे दुर्लक्ष होण्यास ही धारणा काही अंशी कारणीभूत आहे.

२. दंतक्षयाची जैविक बाजू

बर्लिन येथे कार्यरत असलेले अमेरिकन संशोधक विलोबी मिलर यांनी १८९० साली दंतक्षयाची आधुनिक उपपत्ती मांडली. तोंडातील जीवाणू अन्नातील शर्करेचे आम्लात रूपांतर करतात व ते आम्ल दाताचे कठीण आवरण विरघळवते, असे त्यांनी दाखविले. १९२४ साली ब्रिटिश संशोधक क्लार्क यांनी किडलेल्या दातांतून स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्स हा जीवाणू वेगळा केला. अर्थात हा एकच जीवाणू दोषी नसून अनेक जीवाणूंच्या समूहाचा तोल बिघडल्याने आजार उद्भवतो, असे आज मानले जाते.

इतिहासाच्या अभ्यासकाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे आहे ते रॉबर्ट स्टीफन यांचे १९४० च्या दशकातील संशोधन. शर्करायुक्त पदार्थ तोंडात गेल्यानंतर काही मिनिटांतच दातांवरील थराचा सामू झपाट्याने खाली येतो. तो सुमारे ५.५ च्या खाली गेला की दंतवल्कातील खनिजे विरघळू लागतात. पुढे लाळेच्या प्रभावाने अर्ध्या ते एका तासात सामू पूर्ववत होतो आणि गमावलेल्या खनिजांची काही प्रमाणात भरपाईही होते. याचा अर्थ असा की, एकूण किती साखर खाल्ली याबरोबरच ती किती वेळा खाल्ली ही बाब निर्णायक ठरते. सणाच्या जेवणात एकदाच भरपेट पुरणपोळी खाणाऱ्याचे दात दिवसातून एकदा आम्लात बुडतात. दिवसभरात पाच वेळा गोड चहा घेणाऱ्याचे दात पाच वेळा, म्हणजे किमान अडीच तास त्या अवस्थेत राहतात.

स्वीडनमधील विपेहोम येथे १९४५ नंतर झालेल्या प्रयोगांतून हेच निष्पन्न झाले. जेवणासोबत घेतलेल्या साखरेपेक्षा दोन जेवणांच्या मध्ये खाल्लेल्या चिकट गोड पदार्थांमुळे दात कितीतरी वेगाने किडले. हे प्रयोग मतिमंद व्यक्तींच्या संस्थेतील रहिवाशांवर करण्यात आले होते. आपल्या ज्ञानाचा एक महत्त्वाचा भाग स्वतःची संमती देऊ न शकणाऱ्या माणसांच्या दातांची किंमत देऊन मिळाला आहे, याची नोंद आरोग्याच्या इतिहासाने घेतली पाहिजे.

‘आमच्या घराण्याचे दातच मुळात चांगले’ असे विधान आपण नेहमी ऐकतो. दंतवल्काची घडण, लाळेचे प्रमाण, दातांची ठेवण यांत आनुवंशिकतेचा वाटा असतो, हे खरे आहे. तथापि, संपूर्ण समाजातील दंतक्षयाचे प्रमाण एका-दोन पिढ्यांत वाढल्याची किंवा घटल्याची उदाहरणे जगभर आहेत. दुसऱ्या महायुद्धात साखरेची टंचाई झाली तेव्हा नॉर्वे व जपानमध्ये मुलांच्या दातांची कीड कमी झाली आणि साखर परतल्यावर ती पुन्हा वाढली. एवढ्या अल्पावधीत जनुके बदलत नाहीत. बदलतो तो आहार.

३. पुरातत्त्वीय पुरावा

दात हा मानवी शरीराचा सर्वांत टिकाऊ भाग असल्याने आहाराच्या इतिहासाचे ते विश्वसनीय साधन ठरते. बलुचिस्तानातील मेहेरगढ येथील नवाश्मयुगीन दफनांत दाढांना छिद्रे पाडल्याचा सुमारे ७,५०० ते ९,००० वर्षांपूर्वीचा पुरावा मिळाला असून तो २००६ साली प्रसिद्ध झाला. नऊ व्यक्तींच्या अकरा दाढांवर अशी छिद्रे आढळली व त्यांपैकी चार दाढांत किडीच्या खुणा होत्या. शेतीचा आरंभ आणि दातांचे दुखणे यांचे नाते इतके जुने आहे. सर्वसाधारणपणे शिकारी-संग्राहक समूहांपेक्षा धान्यभोजी कृषक समूहांत दंतक्षय अधिक आढळतो. मात्र या नियमालाही अपवाद आहे. मोरोक्कोतील ताफोराल्त येथील सुमारे १५,००० वर्षांपूर्वीच्या शिकारी-संग्राहकांच्या दातांत किडीचे प्रमाण फार मोठे होते. पिष्टमय अशा ओकच्या फळांचे नियमित सेवन हे त्याचे कारण मानले जाते. म्हणजे शेती किंवा साखर हे शब्द आपल्या जागी ठीक आहेत. दाताला कळते ते एवढेच, की आंबणारे पिष्ट वा शर्करा आपल्यावर किती वेळा आणि किती काळ चिकटून राहते.

महाराष्ट्रापुरते पाहता डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात पुणे जिल्ह्यातील इनामगाव येथे केलेल्या उत्खननाचे स्थान महत्त्वाचे आहे. तेथील ताम्रपाषाणयुगीन बालकांच्या दातांचा अभ्यास जॉन लुकाच आणि सुभाष वाळिंबे यांनी केला. दुधाच्या सुळ्यांवरील दंतवल्काच्या घडणीतील दोषांवरून त्यांनी त्या समाजातील शारीरिक ताणाचा मागोवा घेतला. दुधाच्या दातांचे दंतवल्क गर्भावस्थेत आणि जन्मानंतरच्या पहिल्या वर्षात घडते. एकदा घडल्यावर ते पुन्हा तयार होत नाही. त्यामुळे मातेची उपासमार बालकाच्या दातावर कायमची नोंदविली जाते आणि असे सदोष दंतवल्क पुढे किडीला लवकर बळी पडते. १८७६-७७ चा दुष्काळ असो वा १९७२ चा, माण, खटाव, आटपाडी, जत या तालुक्यांनी सोसलेल्या टंचाईच्या इतिहासाकडे या दृष्टीनेही पाहणे उचित ठरेल. जैविक कारण आणि सामाजिक कारण यांच्यातील सीमारेषा येथे पुसट होते.

४. नैमित्तिक गोडवा : गुऱ्हाळाचा काळ

एकोणिसाव्या शतकात या परिसरातील सामान्य कुटुंबाचा आहार ज्वारी-बाजरीची भाकरी, डाळी-कडधान्ये, भाजीपाला, मिरची व ताक असा होता. ऊस विहीर बागायतीत व नदीकाठी पिकत असे आणि गावच्या गुऱ्हाळात त्याचा गूळ होई. १८६० च्या दशकात कऱ्हाडजवळ खोडशी येथे कृष्णेवर बंधारा बांधून काढलेल्या कालव्याने नियमित पाण्याची सोय वाढली. १९१० साली औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसली आणि लोखंडी नांगराबरोबर ऊस पिळण्याचे लोखंडी चरकही शेतकऱ्यांपर्यंत पोहोचू लागले.

तरीही गोड पदार्थ हा रोजच्या जेवणाचा भाग नव्हता. संक्रांतीचा तिळगूळ, होळीची पुरणपोळी, पाडव्याची साखरगाठी, जत्रेतील बत्तासे व रेवड्या, साताऱ्याचे कंदी पेढे यांतून वर्षाचे जे चित्र उभे राहते त्यात गोडवा हा प्रसंगाशी बांधलेला आहे. गुऱ्हाळावर मुले भरपूर रस पीत आणि काकवी खात. पण गुऱ्हाळाचा हंगाम संपला की तेही संपे. गूळ तयार करणाऱ्या शेतकऱ्यालाही तो बाजारात विकून सारा आणि सावकाराचे देणे भागवावे लागे. गोडवा घरात पिकत असूनही घरात राहत नसे.

गूळ ‘नैसर्गिक’ असल्याने दातांना अपायकारक नाही, असा समज आजही सुशिक्षितांमध्ये आढळतो. वास्तविक गुळातही मुख्य घटक शर्कराच असतो आणि चिकटपणामुळे तो दातांवर अधिक काळ राहतो. पूर्वीच्या पिढ्यांचे दात गुळाच्या गुणामुळे टिकले, असे म्हणण्यापेक्षा गूळ रोज व वारंवार परवडत नव्हता म्हणून टिकले, असे म्हणणे वस्तुस्थितीला अधिक धरून होईल. गतकाळाचे गौरवीकरण टाळण्यासाठी हा भेद महत्त्वाचा आहे.

५. कारखाना, चहा आणि शिधापत्रिका

पांढरी साखर ही दीर्घकाळ आयात वस्तू होती. ती प्रामुख्याने जावा बेटावरून येई आणि बंगालच्या फाळणीनंतरच्या स्वदेशी चळवळीत परदेशी साखरेवरील बहिष्कार हा एक महत्त्वाचा कार्यक्रम होता. १९३२ साली साखर उद्योगाला संरक्षण देणारा कायदा झाला आणि देशभर कारखाने उभे राहिले. फलटण संस्थानात साखरवाडीचा कारखाना याच दशकात सुरू झाला. स्वातंत्र्यानंतर सहकाराचे पर्व आले. सांगलीत वसंतदादा पाटील यांच्या पुढाकाराने शेतकरी सहकारी साखर कारखाना उभा राहिला. रेठरे बुद्रुक येथे कृष्णा, यशवंतनगरला सह्याद्री, भुईंज येथे किसन वीर, शेंद्रे येथे अजिंक्यतारा, साखराळे येथे राजारामबापू अशी कारखान्यांची मालिका कृष्णाकाठी निर्माण झाली. या चळवळीने शेतकऱ्याला सावकारी पाशातून मोकळे केले, रस्ते, शाळा व महाविद्यालये दिली; तिचे हे श्रेय निर्विवाद आहे.

साखर पिकविणाऱ्या प्रदेशाने साखर अधिक खाल्लीच पाहिजे असे नाही. येथे तिला घरात आणणारे तीन मार्ग होते. पहिला मार्ग चहाचा. १९०३ साली चहावरील उपकराचा कायदा झाला व त्यातून जमा होणाऱ्या निधीतून चहाचा प्रचार होऊ लागला. रेल्वे स्थानके आणि गिरण्या ही त्याची प्रमुख केंद्रे होती. सातारा परिसरातील असंख्य माणसे मुंबईच्या कापडगिरण्यांत आणि सैन्यात होती. सैन्याच्या शिध्यातही चहा, साखर व गूळ यांचा समावेश असे. गावी परतणारा गिरणीकामगार आणि सुटीवर येणारा जवान यांनी चहा गावात रुजविण्यास हातभार लावला असला पाहिजे. ब्रिटनमध्ये औद्योगिक कामगाराच्या आहारात गोड चहाने जे स्थान मिळविले त्याचे विवेचन सिडनी मिन्ट्झ यांनी १९८५ च्या आपल्या ग्रंथात केले आहे. आपल्याकडे कारखान्यातील कामगाराबरोबरच शेतमजूरही त्याच वाटेने गेला.

दुसरा मार्ग शिधावाटपाचा. नियंत्रित दराची साखर शिधापत्रिकेवर मिळू लागल्याने साखर ही चैनीची वस्तू न राहता जीवनावश्यक वस्तू ठरली. २००१ पासून ही सवलत दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांपुरती आणि २०१७ पासून अंत्योदय कुटुंबांपुरती मर्यादित झाली. त्या कुटुंबांना महिन्याला एक किलो साखर मिळते. धान्य कमी पडणाऱ्या घरात स्वस्त उष्मांक म्हणून साखर आली, ही बाब लक्षणीय आहे. तिसरा मार्ग खास या परिसराचा आहे, तो म्हणजे कारखान्याच्या सभासदांना सवलतीच्या दराने मिळणारी साखर. दिवाळीपूर्वी सभासदांच्या घरी येणारी साखरेची पोती हे सहकारातील मालकीहक्काचे दृश्य चिन्ह होते. ज्याच्याकडे बागायत जमीन व भागभांडवल, त्याच्या घरी साखर आधी पोहोचली; जिरायतदार व भूमिहीन यांच्याकडे ती नंतर आली.

या क्रमाला इतिहासात समांतर उदाहरण आहे. १५९८ साली इंग्लंडला भेट देणाऱ्या पॉल हेन्ट्झनर या जर्मन प्रवाशाने राणी एलिझाबेथचे दात काळे पडल्याचे नमूद करून त्याचे कारण साखर असल्याचे म्हटले आहे. त्या काळी किडके दात हे श्रीमंतीचे लक्षण होते. एकोणिसाव्या शतकात साखर स्वस्त झाल्यावर कीड कामगार वस्त्यांत पोहोचली. आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्लोराइडयुक्त टूथपेस्ट व दंतसेवा यांमुळे संपन्न वर्गाचे दात सुधारले, तेव्हा ती गरिबांकडेच राहिली. कृष्णाकाठी हाच प्रवास अधिक वेगाने, दोन-तीन पिढ्यांत घडला असावा, असे वरील घटनाक्रमावरून अनुमान करता येते.

६. स्त्रिया आणि ऊसतोड कामगार

जगातील बहुसंख्य समाजांत पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये दंतक्षयाचे प्रमाण अधिक आढळते. लुकाच यांनी २००८ साली याची मीमांसा करताना शेतीच्या आरंभानंतर वाढलेली प्रजननक्षमता, गरोदरपणातील लाळेचे व संप्रेरकांचे बदल आणि आहारातील फरक यांचा एकत्रित विचार मांडला. आपल्याकडील वास्तव या मांडणीला आणखी एक पदर जोडते. घरात सर्वांत शेवटी जेवणारी आणि शेतावर राबणारी स्त्री चहावर भूक भागविते. दात दुखू लागला की दवाखान्याऐवजी मशेरीकडे वळते. भाजलेल्या तंबाखूची ही पूड दात घासण्यासाठी वापरली जाते व तिने ठणका थांबल्यासारखा वाटतो. प्रत्यक्षात तिचे व्यसन जडते, हिरड्यांचे विकार वाढतात आणि मुखाच्या कर्करोगाचा धोका निर्माण होतो. येथे आजार आणि त्यावरील ‘उपाय’ दोन्हीही दारिद्र्यातून व सेवेच्या अभावातून येतात.

ऊसतोड कामगारांची स्थिती याहून बिकट आहे. गळीत हंगामात बीड, अहिल्यानगर आदी जिल्ह्यांतून मुकादमाकडून उचल घेऊन टोळ्या कृष्णाकाठी येतात. पती-पत्नी मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. पहाटेपासून रात्रीपर्यंत चालणाऱ्या तोडणी-भरणीच्या कामात जेवणाची वेळ ठरलेली नसते. गोड चहा, बिस्किटे आणि तंबाखू यांवर दिवस काढावा लागतो, मुले फडात ऊस खातात. उसाचे कांडे चावताना लाळ भरपूर सुटते हे खरे. परंतु दिवसभर तेच चघळले जात असेल तर लाळेला तोल सावरायला अवधी मिळत नाही. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात दातांच्या तपासणीचा समावेश आहे. मात्र ही तपासणी अंगणवाडी व शाळांमार्फत होते. हंगामाचे पाच-सहा महिने कोपीवर काढणारे मूल ना मूळ गावच्या शाळेत सापडते ना कारखाना परिसरातील. ज्या मुलाला तपासणीची सर्वाधिक गरज आहे तेच नोंदीतून निसटते.

७. उपचारांचा भूगोल आणि एका निर्देशांकातील विषमता

दंतवैद्यकाच्या शिक्षणाचा भारतातील आरंभ १९२० साली कोलकात्यात डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी केला. मुंबईत नायर दंत महाविद्यालय १९३३ साली स्थापन झाले आणि १९४८ साली दंतवैद्यक कायदा आला. सातारा-सांगली परिसरात मिरजेला डॉ. विल्यम वॉनलेस यांच्या मिशन रुग्णालयाने १८९४ पासून आधुनिक वैद्यकाची परंपरा निर्माण केली. १९८३ साली वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना विनाअनुदानित व्यावसायिक महाविद्यालयांना परवानगी देण्याचे धोरण स्वीकारले गेले. त्यानंतर या परिसरात कवलापूर, सांगली व कऱ्हाड येथे दंत महाविद्यालये झाली. सहकारी साखर कारखानदारीतून पुढे आलेल्या नेतृत्वानेच खासगी व्यावसायिक शिक्षणाचा पाया घातला. त्यामुळे साखर आणि दंतवैद्यक ही या प्रदेशात एकाच राजकीय अर्थव्यवस्थेची दोन अपत्ये ठरतात.

देशात आज ३०० हून अधिक दंत महाविद्यालये आहेत. पण दंतवैद्य शहरांत व मोठ्या बाजारपेठांच्या गावांत एकवटले आहेत. दात भरण्यासाठी किंवा दातमुळावरील उपचारासाठी अनेक फेऱ्या व रोख पैसे लागतात. दात काढणे मात्र एका फेरीत व कमी खर्चात होते. मजुरी बुडवू न शकणाऱ्याचा निर्णय त्यामुळे आधीच ठरलेला असतो.

दंतक्षय मोजण्यासाठी १९३८ पासून एक निर्देशांक वापरला जातो. किडलेले, किडीमुळे गमावलेले आणि भरलेले दात यांची ती बेरीज असते. एखाद्या सुस्थित नोकरदाराचे चार दात भरलेले असतील आणि एखाद्या शेतमजूर स्त्रीचे दोन किडलेले व दोन काढलेले असतील, तर दोघांचा निर्देशांक चारच येतो. सरासरीच्या तक्त्यात ही दोन माणसे समान दिसतात. वास्तवात एक चावून जेवतो, दुसरी एका बाजूने भाकरी कुस्करून खाते. म्हणून प्रदेशाच्या आरोग्याचा इतिहास लिहिताना या बेरजेपेक्षा तिच्यातील तीन घटकांचे परस्परप्रमाण अधिक बोलके ठरते. कोणाचे दात भरले जातात आणि कोणाचे उपटले जातात, यातून समाजाची रचना स्पष्ट होते.

निष्कर्ष

१) दंतक्षयाची प्रक्रिया जैविक असली तरी तिला लागणारी परिस्थिती इतिहासाने घडविली आहे. शर्करेच्या प्रमाणाबरोबरच तिची वारंवारता निर्णायक असल्याने ‘प्रसंगाचा गोडवा’ ते ‘प्रहराप्रहराचा गोडवा’ हे स्थित्यंतर या आजाराच्या प्रादेशिक इतिहासाचे मध्यवर्ती सूत्र ठरते.

२) सातारा-सांगली परिसरात हे स्थित्यंतर सिंचन, साखर उद्योग, चहाचा प्रसार, शिधावाटप व सभासद साखर यांच्या एकत्रित परिणामातून घडले. केवळ ऊस पिकतो म्हणून दात किडले, असा सरळ कार्यकारणभाव लावता येत नाही.

३) दारिद्र्य दोन टप्प्यांवर कार्य करते. मातेच्या कुपोषणातून ते बालकाचे दंतवल्क दुर्बल करते आणि पुढे उपचारांपासून त्याला दूर ठेवते. दंतक्षय ही त्यामुळे विषमतेची शारीरिक नोंद आहे.

४) महाराष्ट्र शासनाने २०२३ साली हाती घेतलेले ‘स्वच्छ मुख अभियान’ स्वागतार्ह आहे. परंतु ‘दात घासा, चूळ भरा’ हा उपदेश ज्याच्या कोपीवर पुरेसे पाणीही नाही त्याला अपुरा पडतो. कारखान्यांच्या गळीत हंगामात तोडणी कामगारांच्या वस्तीवर दंततपासणी, स्थलांतरित मुलांची तपासणी-नोंद त्यांच्यासोबत एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात जाण्याची व्यवस्था आणि ग्रामीण रुग्णालयांत दात वाचविणाऱ्या उपचारांची सोय हे उपाय परिसरातील कारखाने, दंत महाविद्यालये व शासन यांना संयुक्तपणे योजता येण्याजोगे आहेत.

५) परिसरातील दंत महाविद्यालयांकडे जमा होणाऱ्या रुग्णनोंदी हे भावी इतिहासकारांसाठी अमोल साधन आहे. रुग्णाची ओळख गुप्त ठेवून या नोंदींत गाव, व्यवसाय व हंगाम यांची माहिती जतन केल्यास इतिहास, समाजशास्त्र, अर्थशास्त्र आणि दंतवैद्यक या विद्याशाखांना एकत्र काम करण्यास मोठा वाव मिळेल.

कृष्णाकाठच्या विकासाचा इतिहास आजवर टनांत, उताऱ्यात आणि दरात लिहिला गेला. साखरेचा उतारा मोजण्याची काटेकोर यंत्रणा प्रत्येक कारखान्यात आहे. त्याच कारखान्याच्या आवारात ऊस उतरविणाऱ्या माणसाच्या तोंडात किती दात शाबूत आहेत, याची नोंद मात्र कोठेही होत नाही. ती होऊ लागली तर या प्रदेशाच्या सामाजिक इतिहासाला एक नवे आणि विश्वसनीय साधन प्राप्त होईल.